बाण, ठिपका आणि निळे रस्ते

गेली काही वर्षं माझं पोट एकाच प्रश्नावर चाललं आहे. तुम्ही कुठे आहात? इंग्लंडात येऊन पीएचडी केली ती यातच, आणि नंतर संशोधनाची नोकरी मिळाली तीही यातच. उपग्रहांचे क्षीण सिग्नल, उंच इमारतींवर आपटून येणारे त्यांचे प्रतिध्वनी आणि फोनमधले स्वस्तातले सेन्सर यांची मोट बांधून माणसाचा ठावठिकाणा काही मीटरच्या आत सांगायचा, हे आमचं काम. या धंद्यातल्या मंडळींच्या जमावात गेलं की इलेक्ट्रॉनिक्सवाले भेटतात, गणितवाले भेटतात, भूगोलवाले भेटतात, लष्करातून निवृत्त झालेले ताठ कण्याचे गृहस्थही भेटतात. पण शोधलेलं ठिकाण शेवटी ज्याने पडद्यावर दाखवायचं, तो डिझायनर सहसा दिसत नाही. (डिझायनरला मराठीत काय म्हणावं? संकल्पक, अभिकल्पक असे शब्द निघतात खरे, पण बोलताना ते कुणी वापरलेले मी ऐकलेले नाहीत. म्हणून डिझायनरच म्हणतो.)

हे असं का झालं, याचा इतिहास मोठा मजेदार आहे.

सुरुवात नेहमीचीच. ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख हे दोन तरुण भौतिकशास्त्रज्ञ त्याची 'बीप बीप' ऐकत बसले. आगगाडी जवळ येताना शिट्टीचा सूर चढतो आणि लांब जाताना उतरतो, तसा या बीपचा सूर बदलत होता. त्यावरून त्यांनी उपग्रहाची कक्षा काढली. मग त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्लूर यांनी प्रश्न उलटा केला : उपग्रह कुठे आहे हे ठाऊक असेल, तर ऐकणारा कुठे आहे ते काढता येईल का? यातून ट्रान्झिट ही यंत्रणा निघाली, आणि ती हवी होती अण्वस्त्रधारी पाणबुड्यांना. जीपीएसचा कार्यक्रम १९७३ मध्ये मंजूर झाला, पहिला उपग्रह १९७८ मध्ये गेला आणि सगळी यंत्रणा पूर्ण क्षमतेने चालू झाल्याची घोषणा १९९५ मध्ये झाली.

या सगळ्या काळात यश मोजायचं माप एकच होतं, चूक किती मीटरची. पाणबुडीला आणि बाँबला तेवढंच हवं असतं. क्षेपणास्त्राला 'डावीकडे त्या लाल इमारतीशी वळ' असं सांगावं लागत नाही. हे माप आमच्या क्षेत्राच्या हाडीमाशी इतकं खिळलं आहे की आजही शोधनिबंधात चुकीचा आलेख नसला तर परीक्षक तो परत पाठवतात. माणसाला पडद्यावर काय कळलं याचा आलेख नसला, तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

पण या इतिहासात एक सुंदर अपवाद आहे, आणि तो जीपीएसच्या आधीचा आहे. त्याच्यावर जरा रेंगाळतो.

स्टॅन हनी हा कॅलिफोर्नियातला अभियंता. एसआरआय या संशोधन संस्थेत काम करायचा आणि सुट्टीत शर्यतीच्या शिडाच्या बोटींवर नॅव्हिगेटर म्हणून जायचा. १९८३ च्या लॉस एंजेलिस ते हवाई शर्यतीत तो ज्या 'चार्ली' नावाच्या बोटीवर होता, तिचा मालक होता नोलन बुशनेल. हा बुशनेल म्हणजे अटारी या व्हिडिओ गेम कंपनीचा संस्थापक. बोट पहिली आली. त्या ओळखीतून, बुशनेलच्या पैशावर हनीने मोटारीत बसवायचं नॅव्हिगेशन यंत्र बनवणारी कंपनी काढली आणि तिचं नाव ठेवलं 'एटॅक'.

हा शब्द प्रशांत महासागरातल्या कॅरोलाइन बेटांचा. तिथले जुने नावाडी होकायंत्राशिवाय, नकाशाशिवाय शेकडो मैल जायचे. त्यांच्या पद्धतीत बोट हलतच नाही! बोट स्थिर, वरचे तारे स्थिर, आणि क्षितिजापलीकडचं एखादं ठरलेलं बेट एका ताऱ्याखालून दुसऱ्या ताऱ्याखाली मागे मागे सरकत जातं. बेट किती सरकलं त्यावरून प्रवास किती झाला ते कळतं. थॉमस ग्लॅडविन या मानववंशशास्त्रज्ञाने पुलुवाट बेटावर राहून १९७० मध्ये यावर पुस्तक लिहिलं. आपल्याला हे विचित्र वाटतं, कारण आपण नकाशा 'वरून' बघायला शिकलेलो असतो. पण बोटीत बसलेल्या माणसाला खरोखर असंच तर दिसतं. एस्टीच्या खिडकीतून झाडं मागे पळतात, ती का?

हनीने हेच मोटारीत आणलं. त्याच्या चार वर्षं आधी, १९८१ मध्ये, होंडाने जपानमध्ये एक यंत्र काढलं होतं. त्यात पडद्यावर पारदर्शक फिल्मवर छापलेला नकाशा सरकवायचा आणि त्याखाली गाडीची खूण चालताना दिसायची. म्हणजे नकाशा स्थिर, गाडी चालती. १९८५ च्या एटॅक नॅव्हिगेटरमध्ये उलट होतं. हिरव्या रेघांच्या छोट्या पडद्यावर गाडी म्हणजे एक त्रिकोणी बाण, तो जागचा हलत नाही. शहर त्याच्याभोवती फिरतं. तुमच्या काचेतून जे पुढे दिसतं, तेच पडद्यावर वर दिसतं. (अटारीच्या 'ॲस्टेरॉइड्स' या खेळातलं त्रिकोणी यान आठवत असेल, तर हा बाण त्याचा सख्खा भाऊ वाटेल.) नकाशे कॅसेटवर यायचे, गाण्याच्या कॅसेटसारख्या कॅसेट! एकीत साडेतीन मेगाबाइट माहिती मावायची, आणि लॉस एंजेलिससारख्या पसरट शहराला अशा अनेक कॅसेट लागायच्या. उपग्रह नाहीत. चाकांवरचे सेन्सर आणि होकायंत्र यांवरून गाडी किती गेली, कुठे वळली ते मोजायचं आणि नकाशातल्या रस्त्यांशी जुळवून चूक दुरुस्त करायची. किंमत होती सुमारे चौदाशे डॉलर. त्या काळात एवढ्या पैशात जुनी गाडी आली असती.

मला यात कौतुक वाटतं ते बारीकसारीक निर्णयांचं. नकाशा गरगर फिरला तरी रस्त्यांची नावं वाचता येतील अशी राहायची. लांबून बघताना फक्त मोठे रस्ते, जवळ गेलं की गल्ल्या. मुक्कामाच्या जागी लुकलुकणारा तारा. 'इथे वळा, तिथे वळा' असं यंत्र सांगत नसे. तारा तिकडे आहे, रस्ते हे असे आहेत, आता तुम्ही ठरवा. या निर्णयांमागे डिझायनर ही पदवी असलेलं कुणी होतं की नाही ते सोडा. प्रश्न मात्र डिझायनरचा होता : गाडी चालवताना नजर टाकायला जेमतेम एक सेकंद मिळतो, त्यात काय कळायला हवं? समुद्रावर रात्री दोन वाजता ओल्या हातांनी नकाशा बघितलेल्या माणसालाच हा प्रश्न सुचतो.

एटॅक पुढे १९८९ मध्ये मर्डोकच्या न्यूज कॉर्पोरेशनने घेतली, मग सोनीकडे गेली, मग टेली ॲटलसकडे, आणि टेली ॲटलस २००८ मध्ये टॉमटॉमकडे. यंत्र बंद पडलं, नकाशांचा डेटा मात्र हातोहात गेला. धंद्याच्या दृष्टीने किंमत रस्त्यांच्या आकड्यांना होती, बाणाला नव्हती. हनीने नंतर अमेरिकन फुटबॉलच्या प्रक्षेपणात मैदानावर दिसणारी पिवळी रेघ आणली (१९९८), म्हणजे पुन्हा तेच, ठिकाणाचा आकडा माणसाला दिसेल असा करणं. असो.

दुसरं पर्व सुरू होतं २ मे २००० ला. तोपर्यंत अमेरिकन सरकार नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे, सुमारे शंभर मीटरपर्यंतची. क्लिंटन यांच्या आदेशाने ती भेसळ एका रात्रीत बंद झाली आणि दुकानातलं साधं यंत्रही दहा-वीस मीटरच्या आत सांगू लागलं. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर नावाच्या हौशी गृहस्थाने ओरेगन राज्यात एक बादली जंगलात पुरून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. बादलीत पुस्तकं, सॉफ्टवेअर, एक गलोल, आणि उसळीचा एक डबा. तीन दिवसांत लोकांनी बादली शोधली! जिओकॅशिंगचा खेळ असा सुरू झाला. आमच्यासारख्या मंडळींना हा प्रसंग फार प्रिय आहे, आणि त्यातच पुढच्या सगळ्याचं बीजही आहे. अक्षांश-रेखांश दिले की झालं, बाकी ज्याने त्याने बघावं.

या हौशी वातावरणातून २००४ मध्ये इथे लंडनमध्येच ओपनस्ट्रीटमॅप जन्माला आला. स्टीव्ह कोस्ट हा युनिव्हर्सिटी कॉलेजचा विद्यार्थी. इंग्लंडचे उत्तम नकाशे ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी संस्थेकडे होते, पण जनतेच्या पैशाने बनलेले ते नकाशे जनतेला भरमसाट शुल्क भरून मिळत. (त्यातला काही भाग एप्रिल २०१० मध्ये मोफत झाला.) कोस्ट म्हणाला, मग आपणच काढू. सायकलवर जीपीएस बांधून लोक गल्लोगल्ली फिरू लागले. मे २००६ मध्ये चाळीसेक जण आइल ऑफ वाइट या बेटावर शनिवार-रविवार गाठून गेले आणि अख्ख्या बेटाचे रस्ते काढून आले. हैतीत जानेवारी २०१० मध्ये भूकंप झाला तेव्हा जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून पोर्ट-ओ-प्रिन्सचे रस्ते इतक्या वेगाने काढले, की मदतपथकांनी तोच नकाशा वापरला. या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे, हे आधी सांगून टाकतो. कारण पुढे जरा कुरकुर करणार आहे.

या नकाशात मोठे हमरस्ते निळे होते. त्याखालचे हिरवे.

का? कारण इंग्लंडात मोटरवेच्या पाट्या निळ्या असतात आणि मुख्य रस्त्यांच्या पाट्या हिरव्या. इथले छापील नकाशेही त्याच रंगांत. सुरुवातीचे कार्यकर्ते बहुतेक इंग्रज, त्यांना यात वावगं काय दिसणार? पण नागपूरच्या माणसाला निळी रेघ दिसली की ती नदीच वाटणार. त्यात नद्याही निळ्याच होत्या, आणि हिरवा रस्ता हिरव्या जंगलात शिरला की गायब. जगाचा नकाशा म्हणवणाऱ्या नकाशात हे तब्बल दहा-अकरा वर्षं चाललं. शेवटी २०१५ मध्ये गूगलच्या उन्हाळी शिष्यवृत्तीवर एका विद्यार्थ्याने रंगांचा नीट अभ्यास करून रस्ते लाल-केशरी-पिवळ्या छटांत आणले. तेव्हाही सवयीचे रंग गेले म्हणून कुरकुर झालीच.

दहा वर्षं का लागली? मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात एक अलिखित नियम आहे, ज्याने कोड लिहिला त्याचं मत मोठं. तक्रार करणाऱ्याला उत्तर मिळतं, 'मग दुरुस्ती करून पाठव की.' अभियंत्याला हे न्याय्य वाटतं, मलाही वाटतं. पण डिझायनरचं योगदान बऱ्याचदा कोडमध्ये नसतंच. 'ही रेघ नदीसारखी दिसते' हे एक वाक्य असतं आणि त्यासाठी पाठवायला फाइल नसते. वाक्याची नोंद होते, नोंदीखाली चर्चा होते, चर्चा थंडावते. डिझायनर एकदा-दोनदा येऊन बघतो आणि निघून जातो.

आणि दोष एकाच बाजूचा नाही. नकाशाच्या डिझाइनची थोर परंपरा डिझायनरांकडे होती, पण ती एका कागदाची परंपरा होती. लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा घ्या. हॅरी बेक हा सिग्नल खात्यातला ड्राफ्ट्समन. १९३१ मध्ये त्याने सगळे मार्ग उभे, आडवे किंवा तिरके करून टाकले आणि अंतरं चक्क बदलली, कारण जमिनीखाली बसलेल्याला मैल नको असतात, गाडी कुठे बदलायची ते हवं असतं. साहेबांना तो आधी फारच क्रांतिकारक वाटला. १९३३ मध्ये छापला आणि लोकांनी उचलून धरला. न्यूयॉर्कमध्ये मासिमो व्हिन्येल्लीने १९७२ मध्ये तसंच केलं, पण तिथे लोकांना सेंट्रल पार्क चौकोनी आणि करड्या रंगाचं, पाणी मातकट रंगाचं, हे पटेना. काही स्टेशनं प्रत्यक्षापेक्षा भलत्याच बाजूला होती. १९७८ मध्ये कूपर युनियनच्या सभागृहात व्हिन्येल्ली आणि विरोधी समितीचे जॉन टॉरानॅक यांचा जाहीर वाद झाला आणि पुढच्या वर्षी तो नकाशा गेला. नकाशा कसा दिसावा यावर भर सभागृहात भांडणारं शहर! मला हेवा वाटतो. (२०२५ मध्ये न्यूयॉर्कने व्हिन्येल्लीच्या वळणाचा नकाशा पुन्हा आणला, तेव्हा तो स्वतः हे बघायला नव्हता. तो २०१४ मध्ये गेला.)

पण बेक काय, व्हिन्येल्ली काय, त्यांना एक कागद, एक प्रमाण आणि सगळ्या नावांची जागा हाताने ठरवायची मुभा होती. पडद्यावरचा नकाशा दर बोटागणिक बदलतो. त्याला डिझाइन करायचं म्हणजे चित्र काढायचं नाही, चित्र काढण्याचे नियम लिहायचे. हे जमवणारे लोक उशिरा आले. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टेमेन या डिझाइन कंपनीने २०१२ मध्ये ओपनस्ट्रीटमॅपचाच डेटा घेऊन अख्ख्या जगाचा नकाशा जलरंगात काढला. तो पाहिल्यावर लोकांना प्रथमच कळलं की डेटा आणि नकाशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आमच्याकडचा एक प्रसंग सांगतो, जागेचं नाव नको. एका प्रकल्पात सगळे अभियंते, आणि शेवटच्या टप्प्यात 'जरा बटणं नीट करायला' म्हणून एक डिझायनर बाई आल्या. आम्ही चूक पाच मीटरवरून तीनवर आणल्याचं त्यांना कौतुकाने दाखवलं गेलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "भुयारी स्टेशनातून जिना चढून माणूस वर आला. तो उभा कुठे आहे हे तीन मीटरच्या आत कळलं. आता त्याने तोंड कुठल्या बाजूला करायचं?" खोलीत कुणी बोललं नाही. मग कुणीतरी म्हणालं की ते आपल्या कक्षेत येत नाही, आणि पुढचा मुद्दा घेतला गेला.

गंमत म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर बाहेर रस्त्यावर उभं आहे. २००७ च्या अखेरीस लंडनच्या बाँड स्ट्रीटवर 'लेजिबल लंडन'चे पहिले फलक लागले. पायी चालणाऱ्यांसाठीच्या या फलकांवरचा नकाशा उत्तरेला वर ठेवत नाही, तुम्ही ज्या दिशेला तोंड करून फलकासमोर उभे आहात ती दिशा वर असते. पाच मिनिटांत चालत कुठवर जाल याचं वर्तुळ काढलेलं असतं, आणि ओळखीच्या इमारती चित्ररूपात दिसतात. एटॅकचाच बाण, फक्त बिनविजेचा. आई-बाबा इकडे आले होते तेव्हा फोनवरच्या ठिपक्याला कंटाळलेली माझी आई या फलकांपुढे उभी राहून बिनचूक रस्ता सांगायची. ती पुण्याची. पत्र्या मारुती, सोन्या मारुती, भिकारदास मारुती अशा खुणांनी शहर पाठ असलेली. तिला उत्तर दिशेचं काय करायचंय?

हे गूगललाही कळलं. डिसेंबर २००९ मध्ये त्यांनी भारतासाठी रस्ता सांगताना खुणांचा आधार घ्यायला सुरुवात केली, पेट्रोल पंप ओलांडल्यावर डावीकडे, या धर्तीवर. ते कसं सुचलं? भारतातल्या लोकांना एकमेकांना रस्ता सांगताना बघून. असं बघत बसायला अभियंत्याला कुणी पगार देत नाही.

आता यात बिघडलं काय, थोडा रंगांचा घोळ, थोडं सौंदर्य कमी, असं वाटेल. तर २००९ च्या ऑगस्टमधली गोष्ट. कॅलिफोर्नियाच्या डेथ व्हॅलीत एक बाई आपल्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन गाडीने गेल्या, यंत्र सांगत होतं त्या वाटेने. गाडी वाळूत रुतली. मदत पोचायला काही दिवस लागले, बाई वाचल्या, मुलगा गेला. तिथल्या वनरक्षकांनी अशा प्रकारांना 'जीपीएसने मृत्यू' असं नावच पाडलं होतं. कित्येक दशकांपूर्वी बंद पडलेल्या वाटा यंत्रांच्या डेटात रस्ते म्हणून जिवंत होत्या, आणि पडद्यावर डांबरी सडक आणि मेलेली वाट सारखीच ठाम दिसते. तिथे जीपीएसची चूक मीटरभराचीही नसेल. ठिपका अगदी बरोबर जागी होता. 'या वाटेबद्दल मला खात्री नाही' हे म्हणायची भाषा त्या पडद्याकडे नव्हती.

ती भाषा अशक्य मुळीच नाही. नोव्हेंबर २००७ मध्ये गूगलने फोनवर 'माझं ठिकाण' आणलं, तेव्हा मोबाइलच्या मनोऱ्यांवरून काढलेलं ठिकाण फारच ढोबळ असे. म्हणून निळ्या ठिपक्याभोवती फिकट निळं वर्तुळ काढलं : तू या वर्तुळात कुठेतरी आहेस. आमच्या विषयातली सांख्यिकीची चार पानं त्या एका वर्तुळात आली, आणि ती माझ्या आईलाही कळतात. हेच ठिपक्याऐवजी रस्त्याला का करू नये? अनिश्चितता आमच्या गणितात प्रत्येक पायरीला असते, पडद्यावर पोचेपर्यंत कुणीतरी ती पुसून टाकतं.

देवनागरीचंही एक सांगायचं राहिलं. ओपनस्ट्रीटमॅपची चित्रं काढणारं मॅपनिक हे सॉफ्टवेअर. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत देवनागरीची अक्षरजोडणी नीट होत नसे, वेलांटी व्यंजनाच्या भलत्या बाजूला, जोडाक्षरं फुटलेली. अक्षरांची जुळणी जाणणाऱ्या कुठल्याही मराठी खिळे जुळवणाऱ्याने पहिल्याच दिवशी दाखवून दिलं असतं. २५ एप्रिल २०१५ ला नेपाळात भूकंप झाला आणि हजारो स्वयंसेवक तिथली गावं नकाशात आणू लागले, तेव्हाही ही दुरुस्ती झालेल्या मॅपनिकची तिसरी आवृत्ती यायची होती. ती त्या वर्षीच्या जुलैमध्ये आली. आता त्यात वेलांटी जागेवर असते.